जुन्या रेसरच्या नादी लागलेले आम्ही तिघं

जुनी सायकल सुटी करून परत जोडली की दोन गोष्टी हमखास उरतात. एक-दोन नट, आणि एक किस्सा. नट आम्ही डब्यात टाकतो. किश्श्यांना डबा नाही, त्यामुळे ते चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही सांडतात. परवा पक्याच्या पुतणीच्या साखरपुड्यात मी एक सुरू केला, तर नवरामुलगा अंगठी हातात धरून ऐकत उभा! तेव्हा वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "एकदाचे लिहून काढ ना. निदान लोकांची लग्नं तरी लागतील."

म्हणून लिहितोय.

आम्ही तिघं. मी विम्याच्या ऑफिसात, राहायला नाहूरला. पक्या, म्हणजे डॉक्टर प्रकाश, शाळेपासूनचा दोस्त. मुलुंडला त्याचा दातांचा दवाखाना आहे. आणि रेमी अंकल, कांजूरच्या गावठाणातले, जन्मभर कारखान्यात फिटर, आता रिटायर्ड. तिघांचा नाद एकच. जुन्या स्टीलच्या रेसर सायकली, त्या बारीक नळ्यांच्या, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल असलेल्या, भंगारातून उचलायच्या आणि घरच्या घरी, स्वस्तात, पुन्हा रस्त्यावर आणायच्या. वर्कशॉप म्हणजे माझी बाल्कनी. तिथे एक माणूस आणि एक सायकल मावते. आम्ही तीन माणसं आणि दोन सायकली असतो.

*

पहिली सायकल मानखुर्दच्या एका भंगारवाल्याकडे मिळाली. जायच्या आधी रेमी अंकलनी आमची तालीम घेतली. "तोंड पाडून उभं राहायचं. सायकल आवडली असं दाखवलं की मेलो. काही विचारलं तर म्हणायचं, गच्चीवर वेल चढवायला पाहिजे."

आम्ही तोंडं पाडून गेलो. ढिगाऱ्यात कूलर, पंखे, एक मोडका पाळणा, आणि त्याखाली ती. मी आणि पक्या आकाशाकडे बघत उभे. पक्या तर जांभईही देत होता. झकास अॅक्टिंग!

आणि अंकल? अंकलनी पाळणा बाजूला केला, नळ्यांच्या जोडावरचं पितळी नक्षीकाम बघितलं आणि तिथल्या तिथे गुडघ्यावर बसले. मग कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूस केला.

मी घाईघाईने म्हटलं, "वो बेल चढ़ाने के लिए चाहिए था..."

भंगारवाला अंकलकडे बघत शांतपणे म्हणाला, "साहब, पूजा होने के बाद भाव कम नहीं होता."

*

त्या सायकलीची सीटची दांडी फ्रेममध्ये अडकली होती. स्टीलच्या नळीत अॅल्युमिनियमची दांडी, वर्षानुवर्षं कोणी हलवली नाही की दोन्ही धातू एकमेकांना असे धरतात की विचारू नका. आम्ही तेल सोडलं. गरम पाणी ओतलं, बर्फ लावला. दांडी ढिम्म. शेवटी खालच्या मजल्यावरचा जिममध्ये शिकवणारा सुजय आला, त्याने दांडी धरली आणि आम्ही तिघांनी फ्रेम. तो ओढायला लागला तसे आम्ही तिघं फ्रेमसकट बाल्कनीतून हॉलमध्ये आलो. दांडी तिथेच!

पक्याने फ्रेम खाली ठेवली. मग म्हणाला, "तुम्ही लोक ओढताय. ओढायचं नसतं."

त्याने बाह्या वर केल्या, बाल्कनीतला दिवा जवळ ओढला, दांडी पकडीत धरली आणि हळूहळू, अगदी केसाएवढी, डावीकडे-उजवीकडे फिरवायला लागला. तोंडाने आपलं चालूच, "झालं, झालं... जरासं प्रेशर जाणवेल..." वीस मिनिटांनी आतून कुर्र असा आवाज आला आणि दांडी अलगद बाहेर!

आम्ही टाळ्या वाजवल्या. पक्याने नळीत वाकून बघितलं, तिच्या तोंडात कापसाचा बोळा दाबला आणि सवयीने म्हणाला, "अर्धा तास काही खायचं नाही."

*

आता माझी एक फजिती. पेडलचा दांडा ज्या नळीतून जातो, तिथे दोन बाजूंना दोन झाकणं असतात. उजव्या बाजूचं मी खोलायला घेतलं. शनिवारी अख्खा दिवस पान्याला लटकलो. रविवारी सकाळी पान्याला पाइप जोडून त्यावर उभा राहिलो. रेमी अंकल चर्चमध्ये माससाठी गेले होते, ते दुपारी आले. मी घामाघूम.

"काय रे, काय करतोस?"

"अंकल, खोलतोय. कालपासून!"

त्यांनी वाकून बघितलं. "सतीश, ह्या बाजूचे आटे उलटे असतात. तू कालपासून बंद करतोयस."

मग माझा घामाघूम चेहरा बघून बिचारे धीर द्यायला म्हणाले, "पण बंद एकदम मस्त केलंयस हां. असं मी पण करू शकलो नसतो."

*

गंज काढायचा आमचा उपाय फुकटातला आहे. क्रोमवर गंजाचे डाग असले की अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. आरशासारखं चमकतं! फॉइल कुठून आणायची, तर आपल्याच स्वयंपाकघरातून.

पहिला रोल संपला तेव्हा वैशाली काही बोलली नाही. दुसरा संपला तेव्हा म्हणाली, "सतीश, ती डब्यासाठी असते." तिसरा संपला तेव्हा पुन्हा काहीच बोलली नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, चार जण टेबलाभोवती बसलेले असताना, मी डबा उघडला. पोळ्या माझ्याच पॉलिश पेपरमध्ये गुंडाळलेल्या! करकरीत, नवा कोरा, बारीक दाण्याचा. खरखरीत बाजू बाहेर होती, एवढी माया होती म्हणा.

मी फोन लावला. "अगं, हे काय?"

"का?" ती म्हणाली. "घासून घासून खा."

*

पक्याला चमकवायची फार हौस. एकदा आम्हाला न सांगता त्याने दोन्ही चाकांच्या रिमांना खोबरेल तेल लावून फडक्याने पुसून काढलं. रिम अशा झळकत होत्या की त्यात बघून दाढी करावी. पहिली चक्कर मारायचा मानही त्यालाच दिला.

ब्रेकचं रबर त्या रिमवरच घासतं, हे डॉक्टरसाहेबांच्या लक्षात आलं तेव्हा ते कंपाउंडच्या उतारावर होते. ब्रेक दाबले. ब्रेक लागले. सायकल थांबली नाही.

"गेट! गेट!" पक्या बोंबलला. गेट लाव, म्हणजे निदान गेटवर आपटून थांबेन, असा त्याचा हिशोब. आमच्या वॉचमनने धावत जाऊन अर्धवट उघडं गेट सताड उघडलं आणि सलाम ठोकला! पक्या त्याच वेगात रस्ता ओलांडून समोरच्या भाजीवाल्या मावशींच्या मेथीच्या ढिगात.

मावशींनी आधी पक्याला उठवलं, कुठे लागलं का बघितलं, पदराने त्याचा चष्मा पुसून दिला. मग म्हणाल्या, "किती देऊ?"

*

आणि आता जोगळेकर बाईंची सायकल.

घाटकोपरच्या ह्या बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, शाळेत गणित शिकवायच्या, पक्याच्या पेशंट. दाताची कवळी बसवताना पक्याची बडबड ऐकून म्हणाल्या, "आमच्या ह्यांची रेसर माळ्यावर आहे. ते जाऊन सहा वर्षं झाली. नातीला चालवायला हवी आहे. करून द्याल?"

सायकल खाली काढली आणि आम्ही तिघं तिच्याभोवती उकिडवेच बसलो. निळी, सडपातळ. नवरा तरुणपणी तिच्यावर शर्यती मारायचा म्हणे. बाई कडक आवाजात म्हणाल्या, "रंग बदलायचा नाही. काहीही फेकायचं नाही. जे जिथे आहे ते तिथे."

दीड महिना आम्ही ती सायकल तान्ह्या बाळासारखी हाताळली. शेवटी हँडलवरची कुजलेली पट्टी बदलायला घेतली. ती सोडवायची तर हँडलच्या टोकांची बुचं काढावी लागतात. डावं बूच मी काढलं आणि नळीतून कागदाची बारीक गुंडाळी हातात आली.

अंकल म्हणाले, "उघडू नको."

तोवर मी उघडली होती. निळ्या शाईतलं पत्र. पहिली ओळ दिसली तेवढी दिसली. "प्रिय कुसुम."

मी घडी घातली. मग पक्या हळूच म्हणाला, "बाईंचं नाव शोभा आहे. केस पेपरवर मीच लिहिलंय."

वाट लागली!

तासभर आमची जुंपली. मी म्हटलं, जाळून टाकू. ह्या वयात बाईंना कशाला ताप? अंकल भडकले. "मेलेल्या माणसाची वस्तू आहे. जाळणारा तू कोण? त्याने ज्या भरवशावर ठेवली तो भरवसा आपण का मोडायचा?"

"मग बाईंना देऊ?"

"आणि सांगणार काय? 'तुमच्या नवऱ्याचं आहे, पण तुमच्यासाठी नाही'?"

दोघांनी पक्याकडे बघितलं. त्याने बूच उचलून बोटांत फिरवलं. "दुखत नसेल तर काढू नये," तो म्हणाला. "आम्ही अक्कलदाढेचं असंच करतो."

मग मी गुंडाळी होती तशी केली, नळीत सरकवली, बूच दाबलं. ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही असं ठरलं.

रविवारी सायकल घेऊन घाटकोपरला गेलो. बाई दारातच उभ्या होत्या. नात, बावीस-तेवीसची, सायकल बघून किंचाळलीच. "आज्जी, कसली भारी दिसतेय!" ती घंटी वाजवते काय, गिअर चाळवते काय. आम्ही हसत होतो, पण तिघांचीही नजर त्या डाव्या बुचावर.

"जा गं, आतून माझा चष्मा आण," बाई म्हणाल्या.

नात आत गेली. चष्मा बाईंच्या नाकावरच होता.

बाई सायकलीजवळ आल्या. सीटवरून हात फिरवला. मग हँडलचं डावं बूच नखाने उचकटलं, करंगळी आत घातली, चाचपलं.

बाईंनी समाधानाने मान डोलावली. बूच जागेवर ठेवलं आणि तळहाताने ठोकून घट्ट बसवलं.

मग आमच्याकडे वळून, पन्नाशीच्या दोघांकडे आणि सत्तरीच्या रेमी अंकलकडे बघत म्हणाल्या, "सभ्य मुलं आहात हो. बसा, साबुदाणा वडे तळायला घेते."