जिवंत आहे, चहा टाक

घाटकोपरच्या एका पालिका हॉस्पिटलात मी कॅज्युअल्टीची सिस्टर होते. त्या नोकरीने माझे पाय सुजवले, आवाज चढवला आणि एक खोड लावली. कुणी आडवं दिसलं की माझी नजर आधी छातीवर जाते. लग्नात भरपेट जेवून लवंडलेले काका असोत, नाहीतर गेटवर पेंगणारा वॉचमन, छाती हलताना दिसली की मगच मी पुढे सरकते. आता रिटायर झाले, तरी खोड जात नाही.

या खोडीची सगळ्यात जास्त चेष्टा केली ती माझ्या सासूबाईंनी. मुलुंडच्या घरात आम्ही तिघं, आई, मी आणि नवरा. दुपारी ड्युटीवरून यावं तर आई हॉलमधल्या दिवाणावर झोपलेल्या असायच्या. पर्स ठेवायच्या आधी मी वाकायची, गाल त्यांच्या तोंडाशी न्यायची आणि छातीकडे बघायची. आम्हाला शिकवलंच होतं तसं, छाती हलतेय का बघा, श्वास ऐका, गालाला वारा लागतो का बघा. आई डोळेसुद्धा न उघडता म्हणायच्या, "जिवंत आहे. चहा टाक."

आईंच्या बाबतीत हे सुरू झालं एका एकादशीला. त्या दुपारी आले तर दारात चपलांचा ढीग आणि आत अर्धी बिल्डिंग. आईंना दिवाणावरून खाली चटईवर घेतलं होतं. माणूस जायला लागला की आपल्याकडे जमिनीवर घेतात, तसं. डोक्याखाली दोन उशा. घशातून घर्र घर्र आवाज. शेजारच्या काकू, आईंची जन्माची मैत्रीण, काशीच्या गंगाजलाचा गडू फोडून तुळशीच्या पानासकट चमच्याने तोंडात पाणी घालत होत्या. नवरा फोनवर दहिसरच्या बहिणीला "निघ लगेच" म्हणून सांगत रडत होता.

"घरघर लागली गं," काकू म्हणाल्या. "मुखात गंगाजल गेलं, तेवढं तरी बरं झालं."

माझं डोकंच फिरलं. "बाजूला व्हा आधी," मी ओरडले. "तोंडात थेंबसुद्धा घालायचा नाही कुणी."

उशा काढून फेकल्या. आईंना कुशीवर वळवलं, तसं तोंडातलं गंगाजल चटईवर सांडलं. तुळशीचं पान आत गालाला चिकटलं होतं, ते बोटाने ओढून काढलं आणि हनुवटी वर उचलून धरली. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा अडवते, आणि उशीने मान वाकवली की उरलीसुरली वाटही बंद होते. ती घरघर मरणाची नव्हती, अडलेल्या श्वासाची होती. हनुवटी उचलल्यावर आवाज थांबला. तो थांबला तसा मागे कुणीतरी हंबरडा फोडला, त्यांना वाटलं संपलं. मी गाल तोंडाशी नेला. वारा लागला.

अंग गार आणि घामाने थबथबलेलं. "सकाळपासून काय खाल्लं यांनी?"

"काही नाही. एकादशी ना," नवरा म्हणाला.

"आणि शुगरची गोळी?"

"ती घेतली. म्हणाली, गोळी उपासाला चालते."

वाट लागली म्हटलं. शुगर पार खाली गेली होती. ऐकल्या ऐकल्या काकू बिचाऱ्या साखरेचं पाणी घेऊन धावल्या. "ठेवा ती वाटी," मी पुन्हा ओरडले. "बेशुद्ध माणसाला पाजलेलं फुप्फुसात जातं." नवऱ्याला खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे पिटाळलं, ग्लुकोजचं इंजेक्शन घेऊन या म्हणून. ॲम्ब्युलन्सला फोन करायला लावला. आणि ते येईपर्यंत हनुवटी धरून बसले. कॅज्युअल्टीत किती जणांची हनुवटी अशी धरली असेल, कामापलीकडे डोक्यात काही यायचं नाही. त्या दिवशी मात्र, ही बाई गेली तर मी भांडायचं कुणाशी, एवढंच डोक्यात येत होतं.

डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने आईंनी डोळे उघडले, सगळ्या गर्दीकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

गोळीचा असर लांबतो म्हणून हॉस्पिटलात न्यावं लागलंच. पण घरी आल्यावर त्यांनी काकूंना काही सोडलं नाही. "मला पोचवायलाच निघाली होतीस तू. काशीचा गडू फुकट घालवलास." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझ्या वेळेला तुळशीपत्र तू ठेवायचं. आधी बघायचं, मग ठेवायचं. हिच्या हातात द्यायचं नाही." काकू ओशाळून हसल्या. पुढे त्यांनीच नवा गडू आणून आमच्याच देवघरात ठेवला.

त्यानंतरच्या दुपारांची मला आता फार आठवण येते. गवती चहा, आलं, जास्तीची साखर मागणाऱ्या आई, आणि साखरेवरून रोजचं भांडण. कधीकधी त्या मुद्दाम श्वास रोखून पडायच्या. मी घाबरून "आई" म्हणाले की खुदकन हसायच्या. मी जाम चिडायची. म्हणायच्या, "एवढी शिकलीस, तरी फसतेस."

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी, सकाळची बाहेर पडलेली मी भाजी घेऊन आले. आई दिवाणावर. पिशवी हातात तशीच धरून वाकले. वारा लागला नाही. म्हटलं, रोखला असेल. "पुरे हं आई," मी म्हणाले. मग हात हातात घेतला. गार होता, बोटं ताठ व्हायला लागली होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे मला कळलं होतं. तरी मी गाल तिथेच ठेवून बसले.

काकूंना हाक मारली. त्यांनी देवघरातून गडू घेतला, पण दिवाणापाशी आल्या नाहीत. लांबूनच म्हणाल्या, "बघितलंस?"

"बघितलं."

"परत एकदा बघ गं."

मी परत बघितलं. मग तुळशीचं पान मीच ठेवलं, दोन थेंब गंगाजल घातलं, आणि उठून सवयीने चहाचं आधण ठेवलं. घरात माणूस गेल्यावर चूल पेटवत नाहीत, हे ठाऊक असून. काकूंनी मागून येऊन गॅस बंद केला. "आज नाही गं," त्या म्हणाल्या.

पातेल्यात दोघींपुरतं पाणी होतं. ते बघून मग मी रडले.