पुण्याहून रत्नागिरीला, डिकीत लॅकर घेऊन

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. लॅकर रंगाच्या बाटलीचं झाकण उघडत नाही. बाटली बोटभर उंचीची, पण एकदा उघडून बंद केली की आट्यांमध्ये राहिलेला रंग वाळतो आणि बाटली व झाकण यांच्यात अद्वैत प्रस्थापित होतं. मग उपासक कितीही तपश्चर्या करो. मी गरम पाणी, रबरी हातमोजा आणि दाराची फट या मार्गांनी जाऊन शेवटी पकडीला शरण गेलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “लोणच्याची बरणी उघडायला बोलावलं की पाठ दुखते ना तुमची?” या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी: विमानं, रणगाडे, जहाजं यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करायच्या आणि त्या एअरब्रशने रंगवायच्या. एअरब्रश म्हणजे जाड पेनाएवढी पिचकारी, मागे नळीने जोडलेला हवेचा कॉम्प्रेसर. लॅकर हा थिनरमध्ये पातळ करायचा रंग. झटकन वाळतो, थर अगदी तलम बसतो, आणि वास असा की शेजारी सोसायटीच्या सभेत आपलं नाव घेतात. मी शाळेत संस्कृत शिकवतो. मुलांना वाटतं सर घरी पोथ्या वाचतात. सर घरी बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीला पॉलिश करत असतात.

रत्नागिरीला जायचं ठरलं ते तांबेच्या फोनमुळे. तांबे तिथल्या शाळेतला निवृत्त चित्रकला शिक्षक. आमची ओळख एका सरकारी प्रशिक्षणात झाली. मी पुढच्या बाकावर डुलक्या घेत होतो आणि तो मागच्या बाकावर माझं चित्र काढत होता. एअरब्रश हातात धरायला त्यानेच शिकवलं. तो मला पंडित म्हणतो. त्यात आदर शोधायला जाऊ नये.

“पंडित, बोट झाली,” तो म्हणाला. “रंग तेवढा राहिलाय.”

बोट म्हणजे मिरकरवाडा बंदरातल्या एका मासेमारी ट्रॉलरची प्रतिकृती. लाकडाच्या पट्ट्या आणि प्लास्टिकचे पत्रे कापून त्याने ती दोन वर्षं घडवली होती. लांबी जेमतेम हातभर, पण जाळं ओढायचं चाकही फिरतं. मी अभिनंदन करणार तोच फोन वहिनींनी घेतला.

“भावजी, छातीच्या डॉक्टरांनी यांना थिनर बंद केलंय. अगदी बंद. तुम्ही येऊन रंग मारून जा. नायतर हे मी बाजारात गेले की गुपचूप मारतील.”

मागून तांबेचा आवाज आला, “मी आहे इथेच, मेलो नाही.” आणि मग खोकला.

त्याने आयुष्यभर खिडक्या बंद करून फवारणी केली होती. खिडकी उघडली की ओल्या रंगावर धूळ बसते, आणि धूळ त्याला खपत नाही. छातीचं काय, ती काही शोकेसमध्ये ठेवायची नव्हती.

मग खरेदी. पुण्यात पेठेतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझं नेहमीचं दुकान आहे. जिना असा की वर पोचेपर्यंत माणसाला आपल्या गरजांचा पुनर्विचार करता यावा.

“कुठला निळा?” दुकानदार.

“मासेमारी बोटीचा.”

“तसा कोड नाही सर. जर्मन विमानाचा आहे, अमेरिकन नौदलाचा आहे.”

“मिरकरवाड्याच्या नौदलाचा?”

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि पाच निळ्या बाटल्या मांडल्या. मी पाचही घेतल्या. एका बाटलीचे पैसे म्हणजे बऱ्या हॉटेलातली सुरमई थाळी, असा साधारण हिशेब धरा. सोबत लॅकरचं खास थिनर घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं स्वस्त थिनर एअरब्रश धुवायला ठीक, पण ते रंगात घातलंत तर प्लास्टिक वितळतं आणि बोटीचा साबण होतो.

हे रंग ज्वालाग्राही, म्हणून रेल्वेत नेता येत नाहीत. कुरियरवालाही डबा हलवून, वास घेऊन नम्रपणे परत देतो. तेव्हा आपली गाडी. बाटल्या उभ्या ठेवून स्टीलच्या डब्यात घातल्या, मधे वर्तमानपत्र कोंबलं, डबा डिकीत. जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा.

रस्ता: पुणे, सातारा, कराड, मग मलकापूर आणि आंबा घाट, खाली साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. सकाळी लवकर निघालात तर उजेडात पोचता. मधे मधे रुंदीकरण चालू आहे. तिथे धूळ, वळणं आणि ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ अशी पाटी. ‘क्षमस्व’ हा शुद्ध संस्कृत शब्द आजही जनसामान्यांत टिकून आहे तो केवळ बांधकाम खात्यामुळे. घाटमाथ्यावर चहा घेतला तेव्हा डिसेंबरची छान कोरडी थंडी होती. साखरप्याला उतरेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. याचा रंगाशी संबंध आहे हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

तांबेचं घर शहराच्या कडेला, जांभ्या दगडाच्या गडग्याआड. तिथून समुद्र दिसत नाही, पण फाटकाला गंज मात्र तोच लावतो. तांबे मला घ्यायला बाहेर आला आणि पायरीवर थांबला. मला वाटलं, स्वागताचं भाषण करणार. तो श्वास घेत होता.

“जाड झालास,” मग म्हणाला.

“तू बारीक.”

“म्हणजे सरासरी तीच.”

रात्री वहिनींनी बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी वाढली. मी संस्कृत शिकवतो आणि मासे खातो. दोन्हींत काटे सांभाळण्याचा सराव लागतो. जेवताना बोट टेबलाच्या मधोमध ठेवलेली होती, राखाडी प्रायमरचा, म्हणजे अस्तराचा, हात दिलेली. प्रायमर ब्रशने लावला होता हे तांबेने मला दोनदा सांगितलं आणि वहिनींकडे पाहिलं.

“पाण्यातला होता,” वहिनी म्हणाल्या. “मी बाटली वाचून बघितली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रंग जुळवायला मिरकरवाड्यात. पाच निळे मी पुण्यातच पाच प्लास्टिकच्या चमच्यांवर मारून आणले होते. मॉडेल करणारे सगळे असंच करतात. चमच्याच्या फुगीर पाठीवर रंग कसा दिसतो ते नीट कळतं. पण भर बंदरात, लिलावाच्या गोंधळात, बर्फाच्या गाड्या ढकलल्या जात असताना, दोन प्रौढ शिक्षक एका ट्रॉलरच्या पोटाला निळे चमचे लावून उभे आहेत, हे दृश्य जनतेने सहज स्वीकारावं अशी अपेक्षा करता येत नाही.

“सर, आइस्क्रीम कुठाय?” एक खलाशी.

“बोट खानार काय चमच्यानं?” टोपली घेऊन निघालेली एक बाई.

ट्रॉलरचे मालक सलीमभाई तांबेला ओळखत होते. दोन वर्षं हा माणूस येऊन त्यांच्या बोटीची मापं घेत होता. मी त्यांना विचारलं, हा निळा नेमका कुठला?

“निळा म्हंजे निळा. दुकानात मिळतो तो.”

“त्याचं नाव काय असतं?”

“निळा.”

तांबेने तिसरा चमचा उचलला. खऱ्या रंगापेक्षा जरासा फिकट. तो सलीमभाईंना सांगू लागला की लांबून पाहिलं की रंग फिका वाटतो, म्हणून लहान प्रतिकृतीवर मुद्दाम थोडा फिका मारतात. मधे दोनदा थांबला. सलीमभाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे बोट बारकी केलात तर रंगबी कमी? डिझेलला असा नियम लावा सर, लय बरं होईल.”

चहा झाला, मग लिलाव बघितला, मग दुसरा चहा. घरी पोचेपर्यंत ऊन चढलं होतं आणि तांबे अस्वस्थ. रत्नागिरीत सकाळी वारा घाटाकडून येतो, त्याला इकडे मतलई म्हणतात. तो कोरडा असतो. दुपारकडे वारा फिरतो आणि समुद्रावरचा दमट खारा वारा सुरू होतो. लॅकर मारायचा तो मतलई असताना.

“उद्या सकाळी मारू,” तांबे म्हणाला.

“उद्या पहाटे मी निघणार. परवा शाळा आहे.”

“मग हात चालव, मेल्या.”

वहिनींनी व्यवस्था चोख केली होती. मी मागच्या पडवीत, फिल्टरवाला मास्क लावून. तांबे पुढच्या खोलीत, दारं बंद. मधे व्हिडिओ कॉल. मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला होता, आणि त्यातून गुरुवाणी प्रकट होत होती.

मी थिनरचे थेंब मोजत पुटपुटलो, “अथ प्रोक्षणविधिः.”

“तुझी भटगिरी पुरे. ट्रिगर मागे ओढ. जवळ जातोयस. मागे. अरे हात थांबवू नको, बोट ओलांडून पुढे जा आणि मग सोड. ती बोट आहे, तुझा विद्यार्थी नाही, एकाच जागी किती वेळ झापतोस?”

डावी बाजू सुंदर झाली. खरंच सुंदर. तांबे काही बोलला नाही, म्हणजे सर्वोच्च पुरस्कार. मी बोट फिरवली, एअरब्रशवरच्या इवल्या कपात रंग भरला, उजवी बाजू सुरू केली. तेवढ्यात दोरीवरचा टॉवेल उलट दिशेला हलायला लागला. मी पाहिला, पण सुरात होतो.

रंग बसला आणि बघता बघता पांढुरका झाला. निळ्यावर कुणी ताक शिंपडावं तसा.

“कॅमेऱ्यावर वाफ आली काय?” बरणीपाशी आवाज.

“कॅमेऱ्यावर नाही,” मी म्हणालो.

लॅकर वाळताना हवेतली दमट ओल त्यात अडकते आणि रंगाला अशी पांढरी साय धरते. पुण्याच्या कोरड्या हवेत मला हे कधीच भोगावं लागलं नव्हतं. उपाय आहे: नुसत्या थिनरचा हलका फवारा. त्याने थर पुन्हा मऊ होतो, ओल निघून जाते. पण हात पिसासारखा हवा. जरा जास्त झालं की रंग ओघळला.

पडवीचं दार उघडलं. तांबे बाहेर आला होता, मास्क न लावता. त्याने हात पुढे केला.

“दे इकडे.”

“नाही.”

“दोन मिनिटांचं काम आहे, पंडित. तू वितळवशील ती.”

“मग वितळू दे. आत जा.”

वहिनी त्याच्या मागे दारात उभ्या होत्या. तांबेचा हात तसाच पुढे. माझ्या हातातल्या एअरब्रशला मी शिकाऊ असल्यापासूनच्या त्याच्या शिव्या पाठ आहेत. एअरब्रश तर गुरूकडे जायला अगदी तयार होता. मी कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं आणि नळी काढली.

“आत बस आणि कॉलवर सांग,” मी म्हणालो. “मी मारतो थिनर. बिघडलं तर मी रजा टाकतो, उद्या सकाळी मतलईत सगळं परत करू.”

त्याने बोट उचलली, उजेडात धरली, पांढऱ्या बाजूकडे बराच वेळ पाहिलं.

“राहू दे,” म्हणाला. “मीठ आहे ते. दर्यातून आलेली बोट अशीच दिसते.”

“तांबे, मी खरंच थांबतो.”

“नको रे. राहू दे.”

आणि आत जाऊन बसला.

संध्याकाळी त्याने दोन्ही बाजूंचे फोटो सलीमभाईंना पाठवले. उलट आवाजी निरोप आला: “पांढरी बाजू आमची. दुसरी नटलेल्या नवऱ्यामुलाची.” तांबे खूप हसला. मग खोकला आला आणि वहिनींनी पाणी आणलं.

पहाटे निघालो. पाचही बाटल्या आणि उरलेलं थिनर वहिनींनी स्वतः मोजून माझ्या डब्यात घातल्या. येताना आंबा घाटात धुकं होतं, दिवे लावून सावकाश चढलो. मलकापूरला मिसळ खाल्ली, ठीक होती.

तुम्ही जाणार असाल तर: डिसेंबर ते फेब्रुवारी जा. रंग मारायचाच असेल तर सकाळी, बंदर दुपारी बघा. आम्ही उलटं केलं. दमट हवेसाठी सावकाश वाळणारं थिनर मिळतं, ते जवळ ठेवा. मास्क लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा. धूळ बसली तर बसू दे.

बोटीचा फोटो माझ्या टेबलावर आहे. ज्यांना दाखवला त्यांना पांढरी बाजूच जास्त आवडली. मिठासारखी दिसते, हे खरंच आहे.

पण तांबेला मी ओळखतो. पंखाखाली, कुणालाही दिसणार नाही अशा जागी धुळीचा एक कण अडकला म्हणून त्याने अख्ख्या विमानाचा रंग उतरवून पुन्हा मारलेला मी पाहिलाय. त्या दुपारी मी दुरुस्त करतो म्हणालो, थांबतो म्हणालो, आणि तो दोन्ही वेळा राहू दे म्हणाला. त्याला खरंच ते मीठ वाटलं, की तो दमला होता, मला कळलेलं नाही. दर रविवारी विचारायचं ठरवून फोन करतो आणि सलीमभाईंची खुशाली विचारून ठेवतो. तो हल्ली एका वाक्यात दोनदा थांबतो, म्हणून बराच वेळ मीच बोलत राहतो. मला त्याची काळजी वाटते.