इसरूच्या रक्ताचं काय झालं

चंद्रपूरजवळच्या मूल गावातल्या राईस मिलमधल्या हमालाची मुलगी अंजना निमगडे नागपुरात जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. सिकलसेलच्या आजारात रक्तातली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, पुन्हा सरळ होते. असं होता होता तिचं आवरण कायमचं ताठर का होतं, हे तिला शोधायचं होतं. तिचा भाऊ याच आजारानं गेला होता.

१९८३च्या हिवाळ्यात ती गाईडसरांसोबत गडचिरोलीच्या रानातल्या एटापल्लीकडच्या एका गावात रक्त घ्यायला गेली. तिथल्या सोमारी नावाच्या आदिवासी बाईचा लहानगा इसरू हाडं दुखतात म्हणून कण्हत होता.

"याच्या रक्तात काय हाय, सांगाले येशीन?" सोमारीनं मोडक्या मराठीत विचारलं.

"येते ना बाई. मीच येते," अंजना म्हणाली.

इसरूला तोच आजार निघाला. अशा पोराला ताप आला की घरी ठेवायचं नसतं, हे गावात जाऊन सांगू, म्हणून अंजना सरांच्या मागे लागली.

"आपण डॉक्टर नाही. आधी पेपर पूर्ण करा," सर म्हणाले. जीप काही मिळाली नाही.

शेवटी पावसाळा सरल्यावर ती एकटीच एसटीनं निघाली, पुढचं रान पायी तुडवलं. सोमारी दारातच उभी होती. इसरू भादव्यात तापानं गेला होता.

"आता काऊन आली?" एवढंच ती म्हणाली.

अंजना परतली, तेव्हा विभागात पेढे वाटले जात होते. पेपर परदेशात छापून आला होता. "काय सुंदर नमुने मिळाले होते!" सर सांगत होते.

अंजनाच्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं जपलेली शहरी भाषा गळून पडली.

"नमुना नाई सर, पोरगा होता तो! त्याचं रक्त सातासमुद्रापार गेलं, अन् त्याच्या मायले सांगाले तुमाले जीप भेटली नाई?"

"भावनेनं विज्ञान होत नाही, मिस निमगडे."

"मंग खोटं बोलून होते का? सांगाले येतो म्हणून रक्त घेतलं आपण!"

सरांनी तिच्या प्रबंधावर सही करायचं नाकारलं. दुसरा गाईड शोधण्यात वर्षं गेली, पण तिनं विषय सोडला नाही. १९८८ साली पदवी घेतली, ती तांबड्या पेशीच्या त्याच आवरणावर.

पुढे चंद्रपुरात कॉलेजात शिकवताना ती सुट्टीत सूक्ष्मदर्शक घेऊन गावोगाव जाई. तपासणीचा निकाल घरोघरी बसून सांगितल्याशिवाय गाव सोडत नसे. सोमारीनं मात्र धाकट्या लेकीचं बोट तिला कधी टोचू दिलं नाही. अंजनानंही कधी आग्रह केला नाही. राग यायचा तो स्वतःचा आणि सरांचा. सोमारीचा कधीच नाही.