शनीच्या दुर्बिणीला तेल

माझी आई खर्ड्याजवळच्या गावात राहते आणि डोळे तपासायला शहरात, सावेडीला माझ्या फ्लॅटवर येते. काचबिंदूने तिचा डावा डोळा आधीच गेला. गेल्या दिवाळीनंतर डॉक्टर उजव्याबद्दल म्हणाले, आहे ती नजर टिकवायची, गेलेली परत येत नाही. रिक्षात बसल्यावर मला वाटलं, ही आता रडणार. तर ती बाहेर बघत म्हणाली, "नजर हाय तवर शनी बघावा म्हनते."

"शिंगणापूरला जायचंय का?"

"तितं लई झालं. त्यो वरचा, आभाळातला. खरा कसा असंल गं त्यो?"

शनीची आणि आईची ओळख जुनी, पण लांबची. दर शनी अमावस्येला आम्ही जीपने जायचो. वडील चौथऱ्यावर चढून तेल घालायचे आणि आई खाली उभी राहून, डोळे गच्च मिटून हात जोडायची. कुठल्याही देवापुढे ती डोळे मिटतेच. पुढे बायकांनाही वर जायची परवानगी मिळाली, पण तोवर तिचे गुडघे गेले होते.

तिचा प्रश्न मलाही चिकटला. पन्नाशी आली तरी आपणही शनी कधी पाहिला नाही, याचं मला नवल वाटलं.

कापड बाजाराच्या मागे चष्म्यांचं एक जुनं दुकान आहे. चष्म्यांबरोबर शाळांच्या प्रयोगशाळांचं सामान आणि दुर्बिणीही तिथे मिळतात. दुकानदार पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे. मी दुर्बीण मागितली, तर त्यांनी आधी चहा सांगितला आणि मग मलाच प्रश्न विचारायला लागले. काय बघायचंय? कोण बघणार? त्यांना वाकता येतं का, की बसून बघायचंय?

मला या चौकशीचा कंटाळा आला. कपाटात दोनच दुर्बिणी होत्या, त्याही धुळीने माखलेल्या. ते म्हणाले, "ताई, घाई करू नका. एकदा संध्याकाळी आईंना आणा, गच्चीवरून बघू द्या, पटलं तर घ्या. शनीचं कडं सध्या अगदी बारीक दिसतं, खोक्यावरच्या चित्रासारखं नाही."

मी मनात म्हटलं, माल खपत नाही म्हणून बाबा गप्पा मारतोय. त्यांच्याच बाकावर बसून, त्यांचाच चहा पीत, मी मोबाईलवर दुर्बीण शोधली. तिथे ती स्वस्तही होती आणि खोक्यावर शनी कसा टपोरा, कड्यासकट! घरी पोचायच्या आत ऑर्डर करून मोकळी झाले. मला कुणी थांब म्हटलं की मी पळते. हा माझा स्वभाव आईला चांगला ठाऊक आहे.

शुक्रवारी पार्सल आलं. स्क्रू बसवण्यात सगळी संध्याकाळ गेली आणि आभाळही भरलेलं. दुर्बीण छताकडे तोंड करून हॉलमध्ये ठेवली आणि पुढच्या काचेचं झाकण लावायला विसरले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले.

दुसरा दिवस शनिवार होता.

संध्याकाळी दार उघडलं तर दुर्बिणीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ. पानं आईने शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून तोडून आणलेली. नळीवर कुंकू, पायाशी काळे उडीद. आणि वर तोंड केलेल्या काचेवर तेल. थेंबभर नव्हे, चांगलं वाटीभर. काचेच्या कडेने झिरपून ते आतही उतरलं होतं.

"शनीचं यंत्र हाय न्हवं? मग तेल नगं का?" आई खुशीत म्हणाली. "पैल्यांदाच माज्या हातानं घातलं."

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते लिहायची आजही लाज वाटते. झाकण मी उघडं ठेवलं होतं, हे मात्र तेव्हा सोयीने विसरले. आई गॅलरीत जाऊन बसली आणि जेवायलाही आली नाही.

रात्री मोबाईलवर परत करायचं पान उघडलं. कारण निवडा : वस्तू तुटलेली, चुकीची आली, आवडली नाही. देवाचं तेल सांडलं, हे कारण त्यात नव्हतं. मी फोटो पाठवले. वस्तू वापरलेली आहे, परत घेता येणार नाही, असं उत्तर लगेच आलं. काहीही विचारलं तरी तिथून तेच उत्तर पुन्हा पुन्हा येत राहिलं.

सोमवारी नाक मुठीत धरून दुकानात गेले. दुकानदारांनी दुर्बीण पाहिली, वास घेतला आणि हसले. "माझ्याकडनं घेतली असती तरी आईंनी तेल घातलंच असतं. मी फक्त काच झाकून दिली असती." त्यांनी पुढची कडी फिरवून काच सोडवली आणि स्पिरिटच्या कापसाने दोन्ही बाजूंनी पुसली. तासभर गेला. नंतर म्हणाले, "आईंना गच्चीवर न्यायला तुमच्याकडे लिफ्ट आहे ना? मग मीच येतो. बसायला उंच स्टूलही आणतो."

दिवेलागणीला ते स्कूटरवरून आले. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमध्ये त्यांनी दुर्बीण लावली, बरंच खालीवर केलं आणि आईला बोलावलं. आईने आधी चपला काढल्या. स्टुलावर बसून तिने उजवा डोळा लावला.

"काय बी न्हाई."

त्यांनी नळी केसभर सरकवली.

"हाय... हाय गं! पर काळा न्हाई ह्यो. पिवळा हाय!"

मला वाटलं, काचेवर तेल राहिलं. मी खिशातला रुमाल काढून पुढे झाले. दुकानदारांनी मला अडवलं. "राहू द्या ताई. काच स्वच्छ आहे. त्याचा रंगच तसा."

"मण्यातनं तार ओवल्यावानी दिसतंय," आई म्हणाली. खोक्यावरचं कडं तिने बघितलंच नव्हतं, त्यामुळे तिला काही कमी वाटलं नाही.

मी म्हटलं, "आई, परवा फार बोलले मी तुला."

"गप. हलतंय ते." आणि थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आमी जलमभर लांब हुबं ऱ्हायलो. इतक्या लांबचा ह्यो, आन् आज जवळ आला."

शनी पुन्हा पुन्हा काचेतून निसटत होता आणि दुकानदार न कंटाळता तो परत आणून देत होते. माझी पाळी येईना, आणि मीही मागितली नाही. शेवटी आईने हात जोडले. डोळा मात्र मिटला नाही.