चिखलाची पोती

लू छुनतेंगची डोंगरउतारावर पपनसाची बाग होती. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं वाढवलेली. आईच्या अंत्यविधीला ती माहेरी गेली आणि तेवढ्यात गावातला व्यापारी निंग देशान याची माणसं बॅटऱ्या घेऊन बागेत शिरली. लोखंडी सळ्या जमिनीत खुपसून वीज सोडली की गांडुळं तडफडत वर येतात, मग नुसती वेचायची. मोठी, बारकी, सगळी त्यांनी पोत्यात भरली. निंगचं सुक्या गांडुळांचं गोदाम होतं. अर्धांगवायूवर, दम्यावर वैद्य ती काढ्यात घालतात, त्यामुळे यूलिनच्या औषधबाजारात त्याचा माल हातोहात जायचा.

पुढच्या पावसात बागेत पाणी मुरेना. माती विटेसारखी घट्ट झाली, झाडं पिवळी पडत गेली. छुनतेंग जाब विचारायला गेली, तेव्हा निंग चहा पीत बसला होता. "काकी, गांडुळं काय तुम्ही पाळली होती?" तो म्हणाला. अंगणातले सगळे हसले. ती घरी आली आणि वाळलेली झाडं एकेक करून स्वतः तोडली.

नंतर ती त्याच निंगकडे काम मागायला आली. मी तिथे आधीपासून कामाला होते. आम्हाला वाटलं, बाई खचली. ती माझ्या शेजारच्या फळीवर बसायची. गांडुळाचं डोकं खिळ्यात अडकवायचं, पोट उभं चिरायचं, आतली माती धुवायची, मग उन्हात ताणून वाळत घालायचं. तिचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा चपळ होता. कधी तक्रार नाही, कधी रजा नाही. निंगचा विश्वास बसला आणि त्यानं तिला मुकादम केलं.

मग त्याची हाव वाढली. वरच्या पोत्यांत स्वच्छ माल भरायचा, खालच्यांत न चिरलेली, पोटातल्या चिखलासकट वाळवलेली गांडुळं. वजन चांगलं भरायचं. हे काम त्यानं छुनतेंगवर सोपवलं. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, असल्या पापात पडू नकोस.

"भरू दे त्याला," ती म्हणाली. "पोती अजून उंच होऊ देत."

त्या हिवाळ्यात यूलिनच्या मोठ्या व्यापारी शेनबाई वर्षभराचा माल ठरवायला स्वतः आल्या. वैद्याच्या घरातली बाई, कडक. निंगनं बदक शिजवून घेतलं होतं. वरचं पोतं उघडायला त्यानं छुनतेंगला हाक मारली. तिनं वरची पोती ढकलून दिली, तळातलं ओढून काढलं आणि चटईवर उपडं केलं. मूठभर गांडुळं पाण्याच्या वाडग्यात कुस्करून तिनं तो गढूळ वाडगा शेनबाईंच्या हातात दिला.

"बाई, हे लकवा झालेल्या माणसाला पाजणार का?"

निंग हसला, म्हणाला, पोतं चुकलं. तिनं दुसरं उपडं केलं, मग तिसरं.

"काकी, पुरे."

"का मालक? माझी जमीन मारून आणलेला चिखल आहे. गिऱ्हाईकानं बघायला नको?"

शेनबाई बदकाला हात न लावता निघून गेल्या. बाजारात बातमी पसरली, तपासनीस आले, गोदामाला सील लागलं. निंगच्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. आमचं कामही गेलं. तिथेच कामाला असलेल्या माझ्या जावेनं छुनतेंगच्या दारात उभं राहून तिला शिव्या घातल्या. तिनं मान खाली घालून सगळ्या ऐकल्या.

निंगही एक दिवस तिच्याकडे आला. शेनबाईंना सांगा, चूक तुमची होती म्हणून, असं विनवत उंबऱ्याशी रडायला लागला. छुनतेंगनं त्याला स्टूल दिलं, स्वतः समोर बसली.

"रडा, मालक," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."

तिची जमीन अजून तशीच आहे. साबुदाण्याचा कंद, कसावा लावला, तोही खुरटला. मध्यंतरी मी तिला विचारलं, एवढं करून मन तरी शांत झालं का.

"झालं की," ती म्हणाली. पेजेचं भांडं घेऊन ती ओसरीवर बसली होती, समोर दिसणाऱ्या निंगच्या ओस पडलेल्या अंगणाकडे तोंड करून. हल्ली ती रोज तिथेच जेवते.