पुंजारामचा उजवा हात

पुंजाराम माळी जेवायचा डाव्या हाताने. उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत फडकं गुंडाळलेलं असायचं. अकोल्यात नव्याने आलेल्याला वाटे, रक्तपिती असेल. हात अगदी धडधाकट होता, मी स्वतः पाहिलाय. पण लोकांना रोग शोधायला आवडतं, दुःख शोधायला कोण बसतो?

अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वेळची ही गोष्ट. गाठी बांधायच्या प्रेसवर डंकन नावाचा गोरा इंजिनिअर आला होता. मोर्णेकाठच्या त्याच्या बंगल्यात महिन्यातून एका संध्याकाळी फ्रीमेसन, म्हणजे एका गुप्त बंधुमंडळाचे लोक, जमत. चार गोरे, एक मुसलमान वकील आणि अमरावतीहून बैलांच्या दमणीने येणारा कापसाचा दलाल सोराबजी. बाहेर रस्त्यावर साहेब दलालाकडे बघायचाही नाही. आत मात्र सगळे एकमेकांना भाऊ म्हणत आणि एका टेबलावर जेवत. कमरेला पांढऱ्या कातड्याचं ॲप्रन, आणि दाराशी उपसलेली तलवार घेऊन एकजण उभा. गावाने लगेच नाव ठेवलं, जादूघर.

पुंजाराम तिथली बाग बघायचा आणि व्हरांड्यातले दिवे लावायचा. एका संध्याकाळी खिडकीच्या फटीतून त्याने आत पाहिलं. जमिनीवर कवटी रंगवलेलं कापड, त्यावर चादरीखाली सोराबजी पडलेला. एकाने त्याचा हात धरून ओढलं, हात सुटला. दुसऱ्याने ओढलं, तोही सुटला. मग डंकनसाहेबाने मनगटाशी बोटं रुतवून असा काही हात धरला, की सोराबजी सरळ उभा राहिला. भावाला वरची पायरी द्यायचा तो त्यांचा विधी होता; पण मेलेला माणूस उठवला, एवढंच पुंजारामला समजलं. त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही दुसरं काय समजलं असतं?

घरी त्याने फक्त बायकोला, सुभद्रेला सांगितलं. ती भाजीच्या जुड्या बांधत हसली. "मंग आपल्याले कायचं भेव?"

त्या उन्हाळ्यात पटकी आली. सकाळी सुभद्रा आडवी झाली, दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. वैद्याने मान हलवली तसा पुंजाराम बंगल्याकडे धावत सुटला. बुडत्याला काडीचा आधार. पण तिथे साहेबच त्या रोगाने मरून पडला होता. बाकीचे भाऊ धास्तीने गाव सोडून गेले होते. एकटा सोराबजी मागे राहिला; त्यानेच साहेबाला धुतलं, ॲप्रन बांधलं. मी त्या माणसाला मनापासून हात जोडतो.

"शेठ, तुमाले सायबानं उठोलं होतं," पुंजाराम म्हणाला. "आता तुमी सायबाले उठवा. मंग माह्या सुभद्रेले."

सोराबजीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. आतल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत अशी शपथ आहे, एवढंच तो म्हणाला. भावाच्या कबरीत हिरवी डहाळी टाकायचा त्यांचा रिवाज, म्हणून ती तोडायला तो कुंपणाच्या बाभळीकडे गेला. भर दुपारी आमच्याकडे भुताच्या भीतीने कोणी बाभळीखाली उभं राहत नाही.

खोलीत पुंजाराम आणि प्रेत. शेठ उठवत नाही, तर आपणच उठवू, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने पाहिलं होतं तसाच साहेबाचा हात धरला.

थंड बोटं हळूहळू वळली आणि त्याच्या मनगटावर घट्ट बसली.

पटकीच्या प्रेताचे स्नायू असे आखडतात, असं डॉक्टर सांगतात. सांगोत बापडे. साहेब काही उठला नाही, नुसता धरून राहिला. सोराबजीने येऊन एकेक बोट सोडवलं.

पुंजाराम घरी पोचला तेव्हा सुभद्रेत जीव होता. तिने हात पुढे केला. "माहा हात धरा."

तो हात तसाच थंड, तशाच सुरकुतल्या बोटांचा. पुंजारामने आपला हात पाठीमागे नेला. तिने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मरेपर्यंत तिचा हात चटईवर तसाच उघडा पडून होता.

फडकं कशाला, असं मी त्याला म्हातारपणी विचारलं. मनगट अजून कोणीतरी धरल्यासारखं वाटतं, म्हणून झाकतो, म्हणाला.

"दिवेलागनीले सोडतो फडकं. हात तिच्या चटईवर ठेवतो. रोज ठेवतो, भाऊ. ती धरतच नाई."