उरलेल्या अर्ध्याची साक्ष

“हा जीबीएस आहे, गुलियन बॅरे सिंड्रोम,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे रोगाशी लढणारी शरीराची व्यवस्था चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. बाहेरच्यांना सोडून घरच्यांवर जोर काढणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या होत्या. शाळेत होतो, चर्चच्या कमिटीतही होतो. पण या वेळी हसता आलं नाही. चेहऱ्याची डावी बाजू हलत नव्हती.

सुरुवात तळपायाच्या मुंग्यांनी झाली. मग सेलूच्या बाजारात पत्नी सुलभा म्हणाली, “अहो, एक चप्पल मागंच राहिली की.” मला कळलंच नव्हतं. चौथ्या दिवशी परभणीच्या दवाखान्यात मला खुर्चीसकट उचलून आत नेलं.

लंबर पंक्चर झालं. त्यात कमरेच्या मणक्यांमधून सुईनं पाणी काढून तपासतात. मग एनसीव्ही, त्यात नसांमधून विजेचा बारीक झटका किती वेगानं जातो ते पाहतात. माझ्यात तो पिंगळी स्टेशनात अडवून ठेवलेल्या पॅसेंजर गाडीसारखा चालला होता.

डॉक्टर रोज एका दमात आकडे मोजायला लावत. वीसपर्यंत गेलात तर छाती ठीक. मी निवृत्त गणितशिक्षक, अकरावर थांबलो. सुलभानं पदर तोंडाला लावला. आकडा आणखी घसरला तर व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास यंत्राच्या हाती. पाच दिवस आयव्हीआयजी दिलं. दात्यांच्या रक्तातली संरक्षक प्रथिनं सलाईनसारखी शिरेतून सोडतात. सहाव्या दिवशी मी चौदापर्यंत गेलो.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब नऊ जणांना घेऊन आले आणि देव बहिरा असल्यासारखी प्रार्थना केली. सिस्टरनं सगळ्यांना बाहेर काढलं. पण त्या दुपारी सुलभा कितीतरी दिवसांनी झोपली, हेही सांगितलं पाहिजे.

तीन आठवड्यांनी व्हीलचेअरवरून घरी आलो. पुढचं सगळं फिजिओथेरपी. पलंगापासून दारापर्यंत जायचं होतं. पहिल्या महिन्यात निम्मं अंतर जमलं, दुसऱ्यात उरलेल्याचं निम्मं, तिसऱ्यात त्याच्याही निम्मं. हे मी मुलांना फळ्यावर शिकवत असे: दर वेळी उरलेल्याचं निम्मंच चालणारा माणूस दाराच्या जवळ जवळ जातो, पोचत कधीच नाही. पुढं काठीनं दार ओलांडलं, पण उजवं पाऊल लोंबतच राहिलं. याला फूट ड्रॉप म्हणतात. डॉक्टर म्हणाले, “एवढं कदाचित राहीलच, सर. पाऊल उचलून धरणारी ही पट्टी वापरा.”

आमच्या मंडळीत आजारातून उठलं की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवतात. उठलेला माणूस साक्ष देतो, म्हणजे देवानं काय केलं ते चारचौघांत सांगतो. पाळकसाहेबांनी बॅनरच आणला: ‘संपूर्ण आरोग्यदान’. माझा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा.

“साहेब, संपूर्ण?” मी पट्टीकडं बोट दाखवलं.

“सर, ते पँटखाली झाकतंय. लोकांचा विश्वास वाढला पाहिजे.”

मीही लांब पँट घातली. भांडण नको होतं.

सभेआधी आमच्याच मंडळीतल्या शांताबाई स्वयंपाकघरात सुलभाला सांगत होत्या. त्यांची मुलगी रूथ, वय एकोणीस, त्याच दवाखान्यात, तोच आजार. महिना झाला तरी हात हलत नव्हते.

“उद्या घरी आनायलेय तिला. व्यायामवाले आले की पोरगी भिंतीकडं तोंड करून नुसती रडती. सर तर तीन आठवड्यांत चालत घरी आले म्हनं, प्रार्थनेनं.”

“कोण म्हणालं?” सुलभानं विचारलं.

“सगळेच म्हनायलेत, बाई.”

मी दारातच उभा होतो. माझ्याकडून कुणी खोटं वदवून घेतलेलं नव्हतं. मी फक्त पँट निवडली होती.

साक्षीच्या वेळी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. व्हीलचेअरचं सांगितलं, पाच महिन्यांच्या व्यायामाचं सांगितलं. मग फळ्यावरचा तो माणूस सांगितला. “येशूनं सांगितलेल्या दाखल्यातला उधळा मुलगा सगळं गमावून घराकडं निघाला,” मी म्हणालो, “पण तो दारापर्यंत पोचल्याचं शास्त्र सांगत नाही. तो लांब असतानाच बाप धावत निघाला. उरलेलं अंतर शून्य झाल्यावर भेट होईल अशी अट नव्हती. म्हणून मी रस्त्यातच उपकार मानतो. बॅनर चुकला आहे. आणि व्यायाम सोडला असता तर आज मी पलंगावर असतो.”

कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी गीत लवकर सुरू केलं. शांताबाई गीत संपायच्या आधीच उठून गेल्या. मला वाटलं, एका बाईची आशा मी भर सभेत मोडली. बेरीज बरोबर असून उत्तर चुकल्यासारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाई दारात. “सर, परभनीला चला. मी सांगून ती ऐकंना. तिला पाय दाखवा.”

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना एवढंच सांगतो: पूर्ण बरं झालेल्याची वाट पाहू नका, अर्ध्या वाटेवरच्या कुणाला तरी बोलवा. आणि तुम्ही त्या वाटेवर असाल तर बोलावलं की जा.

दवाखान्याची लिफ्ट बंद होती. दोन मजले चढायला बराच वेळ लागला. रूथनं पट्टी पाहिली, मग पाऊल पाहिलं.

“हे असंच राहनार?”

“बहुतेक.”

“मग वर कसं आलात?”

“तुझ्या आईच्या खांद्यावर हात ठेवून.”

फिजिओथेरपीवाले आत आले, तेव्हा रूथनं तोंड भिंतीकडं वळवलं नाही.